नवी सात सीटर डिझेल एसयूव्ही, दहा महिने, सात जॉब कार्ड

घाटवाट (पुणे)
३ ऑगस्ट २०२५, रात्री १०:४०

गेल्या दसऱ्याला नवी गाडी घेतली. सात सीटर, डिझेल, ऑटोमॅटिक, ऑन रोड २६ लाख. कंपनीचं आणि शोरूमचं नाव इथे लिहीत नाही. प्रकरण अजून चालू आहे, आणि मला कुणाची बदनामी करायची नाही, गाडी नीट करून हवी आहे. घरात आई-बाबा, आम्ही दोघं, दोन मुलं. गावी कराडला जायचं तर सगळ्यांना एकाच गाडीत बसता यावं, एवढ्यासाठी सात वर्षं पैसे साठवले होते. त्यामुळे जे लिहितोय ते पोटतिडकीने लिहितोय, सांभाळून घ्या.

गाडी आजवर ६,४०० किलोमीटर चालली आहे आणि माझ्या फाइलमध्ये सात जॉब कार्ड (गाडी दुरुस्तीला दिल्याची सर्व्हिस सेंटरची नोंद) जमली आहेत.

नोव्हेंबरात मधला स्क्रीन चालता चालता काळा पडला, त्याबरोबर रिव्हर्स कॅमेराही गेला. सॉफ्टवेअर अपडेट करून दिलं. जानेवारीत डीपीएफचा, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा, दिवा लागला. दिवसभर गाडी ठेवून घेतली आणि "रिजनरेशन केलंय", म्हणजे काजळी जाळून फिल्टर साफ केलंय, म्हणून परत दिली. मार्चमध्ये खड्ड्यावरून जाताना पुढून डावीकडून टक-टक आवाज यायला लागला, स्टॅबिलायझरची लिंक बदलली, आवाज गेला. एप्रिलमध्ये पुन्हा डीपीएफ. मेमध्ये चार दिवस गाडी उभी होती तर बॅटरी पूर्ण खलास, दार किल्लीने उघडावं लागलं. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात सनरूफच्या कडेने पाणी आत आलं आणि ड्रायव्हरच्या बाजूचं छताचं कापड पिवळं पडलं.

सातवं जॉब कार्ड मात्र मी विसरणार नाही. २० जुलैला रविवारी सगळे कराडला निघालो. खंबाटकीचा चढ सुरू झाला आणि दोन वळणं गेल्यावर डॅशबोर्डवर आधी डीपीएफ, मग चेक इंजिन असे दिवे लागले आणि गाडीतला जीवच गेला. पॅडल पूर्ण दाबलं तरी वीस-पंचवीसच्या वर जाईना. मागे कंटेनर, पाऊस, धुकं. हॅझर्ड लावून डाव्या कडेने कसेबसे वर पोहोचलो. बाबा ७४ वर्षांचे आहेत. ते एक शब्द बोलले नाहीत, फक्त दारावरचं हँडल घट्ट धरून बसले होते. कराडला न जाता टोइंगने परत आलो.

सर्व्हिस सेंटरचं उत्तर: "तुमचा वापर सिटीचा आहे. आठवड्यातून एकदा गाडी हायवेला काढत जा."

माझं ऑफिस घरापासून नऊ किलोमीटरवर आहे, कोथरूडहून बाणेर. हे गाडी घेतानाही तेवढंच होतं. शोरूममध्ये मला रंग विचारला, कर्ज कुठून घेणार ते विचारलं, जुनी गाडी एक्स्चेंजला देणार का ते तीनदा विचारलं. रोज किती चालवणार, हे कुणीही विचारलं नाही. आज दहा महिन्यांनी तोच मुद्दा माझा दोष म्हणून सांगतात.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. हा खरंच वापराचा दोष आहे की गाडीचा? आणि पुढे काय करावं?


सरळरेषा (नाशिक)
३ ऑगस्ट, रात्री ११:१५

वाईट झालं, घरचे सुखरूप आहेत हे महत्त्वाचं.

माझ्याकडेही डिझेल सात सीटर आहे, वेगळ्या कंपनीची. ५२,००० किलोमीटर झाले, डीपीएफचा दिवा एकदाही पाहिला नाही. पण माझं जाणं-येणं नाशिक–ठाणे, आठवड्यातून तीनदा. म्हणजे गाडी दर वेळी दोन-तीन तास सलग पळते. बीएस ६, म्हणजे प्रदूषणाच्या नव्या नियमांच्या डिझेलला हेच लागतं. नऊ किलोमीटरच्या सिग्नलच्या रस्त्याला पेट्रोल किंवा हायब्रिड घ्यायला हवं होतं, असं माझं स्पष्ट मत. मॅन्युअलमध्ये डीपीएफचं पान असतं, ते आपण कुणी वाचत नाही.


घाटवाट
३ ऑगस्ट, रात्री ११:३२

मॅन्युअल वाचलं, पण दिवा लागल्यावर. आणि ते गाडीबरोबर मिळतं, म्हणजे पैसे भरून झाल्यावर.


शलाका_व (ठाणे)
४ ऑगस्ट, सकाळी ८:०५

सरळरेषा, तुमचं तांत्रिक म्हणणं बरोबर असेल, पण गिऱ्हाइकाने इंजिनाचं शास्त्र शिकून शोरूमला जावं ही अपेक्षा मला पटत नाही. विकणाऱ्याला ते ठाऊक असतं. त्याने सांगायला हवं.

आमच्या घरी गाडी मीच चालवते. दोन वर्षांपूर्वी असाच दिवा लागला तेव्हा गाडी घेऊन मीच गेले होते, तरी सल्लागार माझ्या नवऱ्याला फोन करून समजावत होता. नवऱ्याने त्याला सांगितलं, "गाडी तिची आहे, तिच्याशी बोला." मग मला उत्तर मिळालं तेही हेच, हायवेला काढा. ठाण्याहून निघून हायवेला साठच्या वेगाने वीस मिनिटं सलग चालवायला मिळेल अशी वेळ पहाटे पाचलाच असते. मी महिनाभर पहाटे उठून घोडबंदरला चकरा मारल्या. नुसतं फिल्टर साफ व्हावं म्हणून डिझेल जाळत.


पानापक्कड (कोल्हापूर)
४ ऑगस्ट, दुपारी २:२०

घाटवाट दादा, माझं गॅरेज आहे, २६ वर्षं झाली. डिझेलचीच कामं जास्त. जरा सविस्तर लिहितो, कारण या डीपीएफबद्दल लोकांच्या डोक्यात लई गोंधळ आहे.

१ एप्रिल २०२० पासून बीएस ६ आलं. तेव्हापासून डिझेल गाडीच्या धुराच्या वाटेवर हे फिल्टर आलंच. आत मधाच्या पोळ्यासारखी बारीक भोकांची सिरॅमिकची वीट असते. एक आड एक भोकं बंद, त्यामुळे धुराला भिंतीतून गाळूनच बाहेर पडावं लागतं आणि काजळी आत अडकते. अडकली की ती जाळावी लागते. मोठ्या रस्त्यावर सायलेन्सर चांगला तापला की थोडी थोडी आपोआप जळत राहते. सिटीत तेवढा ताप मिळत नाही. मग ठरावीक काजळी साठली की गाडीचा कॉम्प्युटर स्वतः जाळायला घेतो. पिस्टनचा दणका होऊन गेल्यावर मागाहून थोडं जादा डिझेल सोडतो, ते पुढे जाऊन जळतं आणि फिल्टर सहाशे अंशांच्या आसपास तापतं. हेच रिजनरेशन किंवा रिजन. याला पंधरा-वीस मिनिटं लागतात. मध्येच तुम्ही ऑफिसला पोहोचून गाडी बंद केली की काम अर्धवट राहिलं.

हे चालू आहे हे ओळखायला शिका. थांबलेल्या गाडीचा आरपीएम नेहमीपेक्षा थोडा वर राहतो, स्क्रीनवरचं अ‍ॅव्हरेज एकदम पडतं, सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणं थांबतं, आणि गाडी बंद केली तरी पुढचा पंखा जोरात फिरत राहतो, गरम वास येतो. असं दिसलं की बंद करू नका. एक चक्कर जास्त मारा.

आता महत्त्वाचं. ते मागाहून सोडलेलं डिझेल सगळं बाहेर जात नाही. थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. अर्धवट रिजन जितक्या वेळा होईल तितकं ऑइलमध्ये डिझेल वाढतं. ऑइल पातळ होतं, पातळी वर चढते. दादा, उद्या सकाळी गाडी सपाट जागी, थंड असताना डिपस्टिक काढून बघा आणि इथे लिहा. पातळी वरच्या खुणेच्या वर असेल तर गाडी चालवू नका.

अजून एक. ६,४०० किलोमीटरला तीनदा दिवा म्हणजे सिटीच्या वापराला धरूनही जास्त वाटतंय मला. माझ्याकडे नुसतं पेठेत फिरणारी गिऱ्हाइकं आहेत, त्यांचा दिवा एवढ्या लवकर लवकर लागत नाही. "वापर चुकीचा" म्हणून गाडी परत देणं सोपं असतं, शोधत बसायला वेळ लागतो. फिल्टरच्या पुढे आणि मागे किती दाब आहे हे मोजणारा एक सेन्सर असतो, दोन रबरी नळ्या त्याला जातात. काजळी किती भरली याचा अंदाज कॉम्प्युटर बराचसा त्यावरून बांधतो. सेन्सरच खोटं बोलत असेल तर रिकामं फिल्टरही भरलेलं दिसणार. तो तपासला का, एवढंच विचारा त्यांना.


विदर्भवारा (नागपूर)
४ ऑगस्ट, संध्याकाळी ६:५०

पानापक्कड भाऊ, फार छान समजावलं. याला जोडून डीईएफचं सांगतो, कारण आमच्याकडे तोच त्रास जास्त.

डीईएफ म्हणजे ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध केलेलं पाणी, धुरातले विषारी वायू कमी करायला लागतं. वेगळ्या टाकीत, निळ्या झाकणाखाली. मी पाच लिटरचा कॅन मागे डिकीत ठेवून दिला होता, वेळेला असावा म्हणून. नागपूरचा मे महिना, बंद गाडीत काय भट्टी होते ते तुम्हाला माहीत आहे. उष्णतेत हे द्रावण खराब होतं, ३५ अंशांवर सहा महिनेही धरायचे नाहीत. मी तेच जुनं टाकीत ओतलं. नोझलला पांढरे खडे धरले, ते वायू मोजणाऱ्या नॉक्स सेन्सरने तक्रार केली आणि स्क्रीनवर "इतक्या किलोमीटरनंतर इंजिन सुरू होणार नाही" असा उलटा आकडा सुरू झाला. समृद्धीवर संभाजीनगरच्या अलीकडे. बायको-पोरं सोबत. तो आकडा कमी होताना बघत गाडी चालवणं काय असतं, ते मी सांगू शकत नाही.

नवीन कॅन घ्या, तारीख बघा, सावलीत ठेवा. आणि पेट्रोल पंपावर डीईएफ भरताना स्वतः उतरून उभे राहा. चुकून डिझेलच्या टाकीत गेलं तर गाडीच्या इंधन पंपापासून इंजेक्टरपर्यंत सगळं उतरवावं लागतं.


घाटवाट
५ ऑगस्ट, सकाळी ७:३०

पानापक्कड दादा, डिपस्टिक बघितली. वरच्या खुणेच्या वर बोटभर आहे. ऑइलला डिझेलचा वास येतोय, मलासुद्धा कळला. फोटो काढून सर्व्हिस सेंटरला मेल केला. गाडी पार्किंगमध्येच उभी ठेवली आहे, रिक्षाने ऑफिसला जातोय.

सातही जॉब कार्ड पुन्हा वाचली. तिन्ही वेळा "डीपीएफ रिजनरेशन डन, कस्टमरला ड्रायव्हिंग पॅटर्न समजावला" एवढंच लिहिलंय. सेन्सरचा उल्लेख कुठेच नाही.


पानापक्कड
५ ऑगस्ट, सकाळी ९:१०

चालवू नका तेच बरं. पातळी फार वाढली तर इंजिन स्वतःचंच ऑइल ओढून जाळायला लागतं आणि किल्ली काढली तरी बंद होत नाही. क्वचित होतं, पण मी एकदा डोळ्यांनी बघितलंय. नवं ऑइल घालताना लो सॅप्स (कमी राख सोडणारं), मॅन्युअलमध्ये जो एसीईएचा सी ग्रेड दिलाय तोच. काजळी जळून जाते, पण ऑइलमधल्या क्षारांची राख कधीच जळत नाही, ती फिल्टरमध्ये कायमची राहते. साधं ऑइल घातलं की राख जास्त.

हजार-दीड हजारात गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचं ओबीडीचं ब्लूटूथ स्कॅनर मिळतं, ते घ्या. एक साधी परीक्षा सांगतो. इग्निशन ऑन, इंजिन बंद. धूर वाहत नाही म्हणजे फिल्टरच्या दोन्ही बाजूंना दाब सारखा, म्हणजे फरक शून्य दिसला पाहिजे. शून्य नसेल तर सेन्सर किंवा नळी, यात वापराचा काही संबंध नाही. आणि कॉम्प्युटरने नोंदवलेले दोषाचे कोड मिटवण्याआधी लिहून घ्या. पी २४६३ म्हणजे काजळी साठली. तो कधी आला, तेव्हा वेग किती, तापमान किती, हे सगळं साठवलेलं असतं.


जुनीजीप (सोलापूर)
५ ऑगस्ट, दुपारी १:०५

एवढी डोकेफोड कशाला? आमच्या इथे डीपीएफ आतून पोकळ करून देतात, कॉम्प्युटरमध्ये बदल करतात, विषय संपला. ताकद पण वाढते.


पानापक्कड
५ ऑगस्ट, दुपारी १:४०

मी करत नाही आणि कुणाला सांगतही नाही. मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली कंपनीने दिलेल्या रचनेत असा बदल करता येत नाही. वॉरंटी त्या क्षणी जाते. आणि दादांची खरी तक्रार काय आहे, तर कंपनीने जबाबदारी घ्यावी. फिल्टर पोकळ केल्यावर ते बोट दाखवायला मोकळे. शिवाय तो धूर कुणाची तरी पोरं स्कूटरवर मागे बसून घेतात.


मांडवीकाठ (पणजी)
६ ऑगस्ट, रात्री ९:००

सनरूफबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. आमच्याकडे चार महिने पाऊस, त्यामुळे हे मी शिकलो.

सनरूफ पूर्ण पाणीबंद नसतंच, तशी त्याची रचनाच नाही. काचेभोवतीच्या रबरातून थोडं पाणी आत उतरणार हे धरूनच खाली पन्हळ असते आणि बहुतेक गाड्यांत चार कोपऱ्यांतून चार नळ्या खांबांच्या आतून खाली जातात. झाडाखाली गाडी असेल तर पानांचा चुरा, परागकण, धूळ यांचा चिखल होऊन नळीचं तोंड बुजतं. मग पाणी पन्हळीवरून सांडतं आणि छताच्या कापडात उतरतं. नवीन गाडीत मात्र बुजण्यापेक्षा नळी सांध्यातून निसटलेली किंवा बसवताना दुमडलेली असण्याची शक्यता जास्त.

परीक्षा अशी: सनरूफ उघडा, बाटलीने पुढच्या एका कोपऱ्यात सावकाश अर्धा लिटर पाणी सोडा. दुसऱ्या माणसाने खाली वाकून बघायचं. पुढच्या चाकाच्या मागे किंवा दाराच्या बिजागरीपाशी तेवढंच पाणी बाहेर आलं पाहिजे. आलं नाही तर ते गाडीत आहे. बुजलं असेल तर गवत कापायच्या यंत्राची नायलॉन दोरी हळू घालून मोकळं करता येतं. कॉम्प्रेसरची हवा मारू देऊ नका, जोराने नळी सांध्यातून सुटते.

हे मनावर घ्या, घाटवाट. पुढच्या खांबातून उतरलेलं पाणी डॅशबोर्डच्या खाली फ्यूज बॉक्स आणि वायरिंगच्या कनेक्टरवर पडतं. स्क्रीन काळा पडणं, बॅटरी उतरणं या तक्रारी पाण्याशी जोडलेल्या असू शकतात. तुमचा स्क्रीन नोव्हेंबरात गेला, दसरा ऑक्टोबरच्या मध्याला होता, तेव्हा परतीचा पाऊस झाला होता का, आठवून बघा. बॅटरीसाठी गाडी लॉक करून पाऊण तासाने करंट मोजायला सांगा. सगळे मॉड्यूल (गाडीतले छोटे कॉम्प्युटर) झोपल्यावर तो साधारण ५० मिलिअँपिअरच्या खाली आला पाहिजे.


घाटवाट
६ ऑगस्ट, रात्री १०:२५

डिलिव्हरीच्या दुसऱ्या आठवड्यात दोन मोठे पाऊस झाले होते. हे डोक्यातच आलं नव्हतं. मी सगळ्या तक्रारी वेगवेगळ्या समजत होतो.


ऑस्टिनकर (टेक्सस)
७ ऑगस्ट, सकाळी ६:१५

धागा वाचतोय. मोठ्या आणि महाग गाडीत असं होतंच कसं, असा सूर काही जणांचा आहे म्हणून इकडचं सांगतो. इथे तर "फुल साइझ" म्हणजे खरोखर ट्रकच्या सांगाड्यावरच्या गाड्या, किंमत सत्तर-ऐंशी हजार डॉलर आणि वर.

या वर्षी एप्रिलमध्ये जनरल मोटर्सने ६.२ लिटर व्ही ८ इंजिनाच्या सुमारे ५ लाख ९७ हजार गाड्या एकट्या अमेरिकेत परत बोलावल्या. २०२१ ते २०२४ ची मॉडेल्स. टाहो, सबर्बन, युकॉन, एस्कलेड आणि त्याच कुटुंबातले पिकअप. कारण क्रँकशाफ्ट आणि कनेक्टिंग रॉडच्या निर्मितीतले दोष. बेअरिंग जाऊन चालत्या गाडीत इंजिन बंद पडू शकतं. उपाय असा की तपासणी करायची, दोष दिसला तर इंजिन दुरुस्त करायचं किंवा बदलायचं. तपासणीत पास झालं तर ०डब्ल्यू-२० ऐवजी जास्त दाट ०डब्ल्यू-४० ऑइल घालायचं, ऑइलचं झाकण नव्या आकड्याचं लावायचं. आमच्या मराठी मंडळातल्या दोन कुटुंबांकडे यातल्या गाड्या आहेत. एकाचं इंजिन बदललं, दुसऱ्याला नुसतं ऑइल मिळालं, आणि तो अजून मुलांना घेऊन लांब जायला धजत नाही.

त्याआधी मे २०२४ मध्ये टोयोटाने टंड्रा आणि लेक्सस एलएक्सच्या सुमारे १ लाख २ हजार गाड्या बोलावल्या. इंजिन बनवताना राहिलेला धातूचा कीस आत, त्याने मेन बेअरिंग खराब. ज्या नावावर लोक डोळे मिटून पैसे टाकतात, त्याचीही ही गत.

म्हणजे दोष कुठेही येतो. फरक त्यानंतर पडतो. जीएमच्या बाबतीत सरकारी सुरक्षा संस्थेने, म्हणजे एनएचटीएसएने, जानेवारीत चौकशी उघडली ती लोकांनी नोंदवलेल्या तक्रारींवरून. प्रत्येकाने पाच मिनिटं काढून लिहिलं होतं, व्हीआयएन, म्हणजे गाडीच्या चासी नंबरसकट. आणि आमच्या राज्यात लेमन लॉ आहे. एकच दोष चार वेळा दुरुस्त करूनही राहिला, किंवा पहिल्या २४ महिन्यांत गाडी एकूण ३० दिवस वर्कशॉपमध्ये पडून राहिली, तर मोटर व्हेइकल खात्याकडे अर्ज करून गाडी बदलून किंवा पैसे परत मागता येतात. तुमच्या सात फेऱ्यांचे दिवस किती भरतात?


घाटवाट
७ ऑगस्ट, सकाळी ८:००

मोजले. ३१.


गोदाकाठची_वकील (नाशिक)
७ ऑगस्ट, रात्री ८:४५

भारतात लेमन लॉ नाही, हे आधी स्पष्ट करते. पण हात बांधलेलेही नाहीत. ग्राहक आयोगात माझी वाहनांची प्रकरणं असतात, त्यावरून सांगते.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९. मोबदला, म्हणजे तुम्ही गाडीला मोजलेली किंमत, ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, म्हणजे तुमचं प्रकरण पुण्यातच. तुम्ही राहता तिथल्या आयोगात तक्रार करता येते, कंपनीचं मुख्यालय कुठे आहे याने अडत नाही. २० ते ५० लाखांच्या मोबदल्याला शुल्क १,००० रुपये. १ जानेवारी २०२५ पासून ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइन दाखल होते. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा, बरीच प्रकरणं तिथेच मार्गी लागतात, आणि नाही लागली तरी तारखेचा पुरावा राहतो.

आता जिथे लोक हरतात ते. "गाडीत जन्मजात दोष आहे, बदलून द्या" असं म्हणायचं तर ते सिद्ध करावं लागतं, नुसती सात जॉब कार्ड पुरत नाहीत. कलम ३८ प्रमाणे आयोग गाडी योग्य प्रयोगशाळेकडे तपासणीला पाठवू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने २००६ च्या एका निकालात स्पष्ट केलंय की वॉरंटीत भाग बदलून देण्याचं वचन असेल तर साधारणपणे तेवढंच मागता येतं, अख्खी गाडी नव्हे. म्हणून पहिली मागणी दोष शोधून भाग बदलण्याची, त्याबरोबर ३१ दिवसांच्या गैरसोयीची आणि टोइंगची भरपाई, आणि वाढीव वॉरंटी लेखी. गाडी बदलण्याची मागणी पर्यायी म्हणून ठेवा.

दुसरी गोष्ट, डीलर आणि कंपनी दोघांनाही पक्षकार करा. गोव्यातल्या एका प्रकरणात २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की दोघांचं नातं स्वतंत्र व्यापाऱ्यांचं असेल तर डीलरच्या कृत्यासाठी कंपनीला आपोआप जबाबदार धरता येत नाही. त्यामुळे कोणाची चूक काय, हे तक्रारीत वेगवेगळं मांडा. शोरूममध्ये वापर विचारला नाही, धोका सांगितला नाही, हा विक्रेत्यावरचा मुद्दा. सेन्सर न तपासता तीनदा गाडी परत दिली, हा सेवेतल्या त्रुटीचा. निर्मितीतला दोष निघाला तर तो कंपनीवर. नव्या कायद्यात उत्पादन दायित्वाचं वेगळं प्रकरण आहे, कलम ८२ ते ८७.

आणि ऑस्टिनकर म्हणतात तसं सरकारी रिकॉल आपल्याकडेही आहे. मोटर वाहन कायद्याचं कलम ११० अ, १ एप्रिल २०२१ पासून लागू. सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या गाड्यांसाठी. पुरेशा तक्रारी आल्या की सरकार चौकशी करून गाड्या परत बोलावायला लावू शकतं. पण तक्रारी परिवहनच्या पोर्टलवर हव्यात. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरच्या मोजल्या जात नाहीत.

शेवटी एक काम उद्याच करा. इथून पुढे गाडी देताना तुमची तक्रार तुमच्या शब्दांत जॉब कार्डवर लिहून घ्या. "डीपीएफ दिवा" नको. "चढावर इंजिनाची ताकद गेली, वेग २५ च्या वर गेला नाही, कुटुंब गाडीत होतं" असं. पहिलं वाचून आयोगाला देखभालीचा प्रश्न वाटतो, दुसऱ्यात जिवाचा धोका दिसतो.


सरळरेषा
७ ऑगस्ट, रात्री ९:३०

ताई, जपून ठेवावी अशी पोस्ट आहे. घाटवाट, मी पहिल्या दिवशी घाईने लिहिलं. डिपस्टिकचं वाचल्यावर मत बदललं आहे. माफ करा.


घाटवाट
१० ऑगस्ट, रात्री ९:५०

स्कॅनर आणलं. बाबा शेजारी बसले होते, आकडे वहीत त्यांनीच उतरवून घेतले.

इग्निशन ऑन, इंजिन बंद. दाबातला फरक १.९ किलोपास्कल. दहा मिनिटांनी पुन्हा, १.९. सकाळी थंड गाडीत तिसऱ्यांदा, १.८. शून्य एकदाही नाही.

पानापक्कड दादा, दहा महिने मी स्वतःला दोष देत होतो. बायकोला म्हणायचो की तू बंद करायची घाई केलीस, ती मला म्हणायची. मुलांना शाळेत सोडून मुद्दाम चांदणी चौकापर्यंत चकरा मारल्या.

व्हिडिओ काढून कंपनीच्या ग्राहक विभागाला मेल केला, सर्व्हिस सेंटरला प्रत, आणि १९१५ ला नोंद. मजकूर ताईंनी सांगितल्याप्रमाणे. सनरूफचीही परीक्षा केली. उजव्या पुढच्या कोपऱ्यात अर्धा लिटर ओतलं, बाहेर एक थेंब आला नाही. दोन मिनिटांनी ड्रायव्हरच्या पायाखालचा गालिचा ओला.


पानापक्कड
१० ऑगस्ट, रात्री १०:०५

घरात कुणाची चूक नव्हती. वहिनींना सांगा.


घाटवाट
२२ ऑगस्ट, रात्री ११:००

कंपनीचा एरिया इंजिनिअर स्वतः आला होता. गाडी उचलून माझ्यासमोर बघितली. सेन्सरकडे जाणाऱ्या एका रबरी नळीला क्लिपपाशी बारीक चीर होती आणि सेन्सरचा शून्यही सरकलेला. दोन्ही बदललं. ऑइल आणि ऑइल फिल्टर बदललं, पैसे घेतले नाहीत. सनरूफची उजवी नळी खांबाच्या वरच्या टोकाला सांध्यातून निसटलेली निघाली, मांडवीकाठ म्हणाले तशीच. खालच्या कनेक्टरवर हिरवट गंज धरला होता. ते वायरिंग आणि छताचं कापड मागवलं आहे, यायला तीन आठवडे लागतील.

इंजिनिअर सरळ माणूस वाटला. त्याला विचारलं, जानेवारीतच का नाही बघितलं? म्हणाला, स्कॅनरवर काजळीचा कोड आला की ठरलेली कृती रिजनरेशनची असते, ती यशस्वी झाली की जॉब बंद होतो. एका मेकॅनिककडे दिवसाला किती गाड्या असतात तेही सांगितलं. मला त्या मेकॅनिकचा राग नाही. पण जॉब कार्डवर "ड्रायव्हिंग पॅटर्न समजावला" लिहिणाऱ्याने एक आकडा वाचला असता तर माझे वडील त्या घाटात तसे बसले नसते.

जॉब कार्ड क्रमांक आठवर सगळं लिहून घेतलं: नळी, सेन्सर, डिझेल मिसळलेलं ऑइल, निसटलेली नळी, गंजलेला कनेक्टर. वाढीव वॉरंटी लेखी मागितली आहे, उत्तर यायचंय. आलं नाही तर ताई, तुमच्याशी बोलेन. परिवहनच्या पोर्टलवर तक्रार केली. याच मॉडेलचे कुणी इथे असाल तर तुम्हीही करा, आणि आधी तो शून्य बघा.


शलाका_व
२३ ऑगस्ट, सकाळी ७:४०

मी आज सकाळी बघितला. माझा शून्य आहे, म्हणजे माझ्या पहाटेच्या चकरा खरंच लागणार. पण आता निदान खात्रीने मारेन. पुढची गाडी घेताना विचारायचा पहिला प्रश्न लिहून ठेवला आहे.


घाटवाट
३० ऑगस्ट, रात्री १०:१५

गणपतीला कराडला जाऊन आलो. मंगळवारी २६ तारखेला पहाटे निघालो. खंबाटकीला बाबा पुढे बसले होते, स्कॅनरचा आकडा मोबाइलवर बघत. पायथ्याला काजळी ४१ टक्के, वर पोहोचल्यावर ३८. एकही दिवा नाही. येताना शिरवळजवळ रिजन सुरू झालं, १४ मिनिटांत पूर्ण झालं, मी मुद्दाम न थांबता पुढे आलो. घरी येऊन इंजिन थंड झाल्यावर डिपस्टिक बघितली, ऑइल दोन खुणांच्या मध्ये आहे.

छताचं कापड अजून आलेलं नाही. तोपर्यंत गाडी सोसायटीतल्या शेडखाली लावतोय.